पायाच्या मुंग्या आणि उठल्यावरची अंधारी

साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसाने "पाय बधिर होतात गं" म्हटलं की घरातले म्हणतात वय झालं, आणि "उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते" म्हटलं की म्हणतात पित्त झालं असेल, लिंबू-सरबत घ्या. दोन तक्रारी, दोन उत्तरं, आणि पुढे जाऊन डॉक्टरही दोन. पायाचं हाडांच्या डॉक्टरकडे, चक्करचं बीपीच्या डॉक्टरकडे. मी सांगली-मिरज भागात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते, माझे बहुतेक पेशंट सत्तरीच्या आसपासचे, आणि इतक्या घरांत हे असंच चालताना बघितलंय की आज जरा सविस्तर लिहायला बसले. कारण या दोन्ही तक्रारी खूपदा एकाच दुखण्याच्या असतात. नसांच्या. पायाची नस सुकते तशी हृदयाला सांभाळणारी नसही सुकत असते, आणि पाय निदान मुंग्या येऊन सांगतात तरी, हृदय तेही सांगत नाही.

आधी पायांचं बघू. कमरेपासून निघालेली नस पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते, उंच माणसात ती एक मीटरच्या आसपास भरते, आणि गंमत बघा, त्या एवढ्या लांब तंतूची मूळ पेशी मात्र पाठीच्या कण्यापाशीच बसलेली असते. तंतूला टिकायला जे काही लागतं ते सगळं तिथून बोटाच्या टोकापर्यंत पोचवावं लागतं. आमच्याकडे कालव्याच्या टेलला ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी टेलचं शेत वाळतं. म्हणून शुगरने, बी-ट्वेल्व्ह कमी पडल्याने किंवा नुसत्या वयाने नसा खराब व्हायला लागल्या की सुरुवात दोन्ही तळपायांपासून होते, मग ते मोजा घातल्यासारखं वर चढत जातं, आणि गुडघ्यापर्यंत आलं की मग हाताच्या बोटांना मुंग्या सुरू होतात. एकाच पायाला असेल, कमरेतून कळ जात असेल, तर ते बहुतेक वेगळं प्रकरण, तिथे मणका बघायला लागतो. पण दोन्ही पाय एकसारखे बधिर होत असतील तर "नस दबली असेल" म्हणून कमरेला पट्टा बांधून काही होत नाही.

आता शरीरातल्या लांब नसांमध्ये अजून एक आहे, व्हेगस. मेंदूच्या बुडातून निघते, मानेतून खाली येते, हृदयाला जाते, फुप्फुसाला जाते, पार पोटा-आतड्यापर्यंत जाते. हृदयाचा वेग कमी ठेवायचं काम हिचं. ही आणि हिच्या विरुद्ध काम करणारी सिम्पथेटिक, म्हणजे वेग वाढवणारी आणि रक्तवाहिन्या आवळणारी, या दोघींच्या ओढाताणीत आपली नाडी आणि बीपी चालतं. व्हेगस हृदयाशी कशी बोलते हे 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयांवर दाखवून दिलं, एका हृदयाची व्हेगस उत्तेजित केली, त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं आणि ते दुसरंही मंदावलं, म्हणजे नस काहीतरी रसायन सोडते. 1936 चं नोबेल त्यांना आणि हेन्री डेल यांना मिळालं. तर ही व्हेगस लांब, त्यामुळे डायबेटिसमध्ये हिला लवकर मार बसतो, आणि मग शांत बसलेल्या माणसाची नाडीसुद्धा नव्वद-शंभरच्या घरात राहायला लागते. "नाना, तुमची नाडी कायम फास्ट का?" असं मी आमच्या नानांना विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले, "तू जिना चढून आलीस, तुझीच बघ."

नाना म्हणजे माझे सख्खे थोरले काका. शुगर बरीच जुनी, पण चालणं-फिरणं चांगलं, पहाटे उठून सगळं आवरणारा माणूस. काकू एकदा बोलता बोलता म्हणाली की अगं यांची चप्पल रस्त्यात कुठेतरी गळते आणि यांना घरी आल्यावर कळतं. हे वाक्य मला इतक्या घरांतून ऐकायला मिळालंय की आता मी स्वतःहूनच विचारते, चप्पल पायातून निघून गेलेली कळते का. एवढा साधा प्रश्न, पण बरंच काही सांगून जातो. नानांच्या अंगठ्याच्या हाडावर मी 128 चा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरत राहणारा धातूचा दोन दातांचा काटा, वाजवून ठेवला आणि म्हटलं थरथर थांबली की सांगा. ते लगेच म्हणाले, "थांबली." मी तोच फोर्क उचलून माझ्या बोटाच्या सांध्यावर ठेवला तर तो चांगला गुणगुणत होता. मग घोट्यावर ठेवला, तिथे थोडा जास्त वेळ लागला, गुडघ्यावर व्यवस्थित. त्यानंतर मोनोफिलामेंट, म्हणजे तो नायलॉनचा ताठ दोरा, जो टेकवल्यावर 10 ग्रॅमच्या दाबाला वाकतो, तो डोळे मिटायला सांगून तळपायाला लावला तर अंगठ्याखाली आणि करंगळीखाली त्यांना पत्ताच नाही. टाचांना भेगा, पाय कोरडे ठक्क. घाम आणणाऱ्या बारीक नसा गेल्या की पाय असे कोरडे पडतात, त्या भेगा नुसत्या थंडीच्या नसतात. आणि त्याच बारीक नसांच्या जातकुळीतल्या नसा रक्तवाहिन्या आवळायचं आणि हृदयाला इशारे द्यायचं काम करतात, म्हणून भेगाळलेला कोरडा बधिर पाय दिसला की माझं लक्ष लगेच बीपीकडे जातं.

आपण झोपलेले असतो आणि उभे राहतो, तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त एकदम खाली पायांत आणि पोटात उतरतं. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयाच्या वरच्या कमानीत दाब ओळखणाऱ्या जागा आहेत, त्यांना हे दोन-चार ठोक्यांत कळतं, मेंदूला निरोप जातो, तिथून व्हेगसला ढिल दिली जाते, सिम्पथेटिकला जोर दिला जातो, नाडी वाढते, पायातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आपल्याला काही कळतसुद्धा नाही. दिवसातून किती वेळा आपण उठतो-बसतो, प्रत्येक वेळी हे होतं. वय वाढतं तसं हे सगळंच थोडं मंद होतं, नसांचा आजार नसला तरी. पण नसा खराब असतील तर निरोप पोचतो, हुकूमही सुटतो, आणि खाली तो पाळणारं कोणी नसतं.

हे मोजायचं कसं, तर घरातल्या साध्या बीपीच्या मशीनवर मोजता येतं, आणि मला राग येतो तो इथे, की आपल्याकडे बीपी नेहमी खुर्चीत बसवून एकदा घेतात आणि झालं. पाच मिनिटं आडवं पडून राहायचं, बीपी आणि नाडी दोन्ही लिहायचं, मग उभं राहायचं, एका मिनिटाला परत आणि तीन मिनिटांनी परत. कोणीतरी शेजारी उभं पाहिजे, पाठीमागे खुर्ची पाहिजे, एकट्याने हे करायचं नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर ते नॉर्मल नाही. नानांचं झोपून आलं 156/84, नाडी 82. उभं राहून एका मिनिटाला 128/74. तीन मिनिटांनी 118/70, आणि नाडी 85. वरचा आकडा 38 ने घसरला आणि नाडी फक्त 3 ने वाढली! मला बीपीपेक्षा त्या नाडीच्या आकड्याची जास्त धास्ती वाटली. कारण पाणी कमी पडून बीपी उतरलं असतं, जुलाब झाले असते, उन्हात फिरून आले असते, तर नाडी धावली असती. डॉक्टर लोकांचा ठोकताळा असा की बीपी जेवढं उतरतं त्याच्या निम्म्याने तरी नाडी वाढायला हवी, म्हणजे इथे 19 च्या आसपास. नाडी जागची हलली नाही म्हणजे नसांचंच काम ढिलं. (बीटा-ब्लॉकरची, म्हणजे नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर मात्र हा हिशोब चालत नाही, तेव्हा आपलं आपण निदान करून बसू नका.)

मी हे आकडे चिठ्ठीवर लिहून काकांच्या डॉक्टरांकडे पाठवले, आणि सोबत एक गोष्ट आवर्जून लिहिली, ती म्हणजे नुकतीच प्रोस्टेटची गोळी सुरू झालीय. त्या प्रकारच्या काही गोळ्या लघवीची वाट सैल करता करता रक्तवाहिन्याही सैल करतात, म्हणजे आधीच आवळायला नसा नाहीत आणि त्यात हे. नाना त्याच काळात पहाटे बाथरूमच्या दारात पडले होते. नशिबाने मनगटावर निभावलं. यातलं खरं कोडं मला नंतर उलगडलं. या लोकांचं बीपी उभं राहिल्यावर उतरतं पण आडवं पडलं की उलट चढलेलं असतं, कारण दोन्ही बाजूंनी सावरणारं कोणी राहिलेलं नसतं. रात्रभर आडवं, रात्रभर बीपी चढलेलं, मग किडनी जास्त पाणी आणि मीठ बाहेर टाकते, म्हणून रात्री परत परत लघवीला उठावं लागतं, पहाटेपर्यंत अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि अशात अंधारात, बधिर पायांनी, गार फरशीवर एकदम उठून उभं राहायचं. म्हणजे पडण्यासाठी जेवढं काही लागतं तेवढं सगळं पहाटे पाच वाजता जमून येतं. घरचे म्हणतात, "रात्री पाणीच पिऊ नका." अरे पण दिवसाही पीत नाहीत ते, लघवीला जावं लागतं म्हणून!

काही गोष्टी आपल्या राहणीमुळे वाढतात त्या सांगते, कारण डॉक्टरांच्या कागदावर त्या नसतात. भारतीय संडासात बसून उठणं हा एक प्रसंग, तिथे भिंतीला दांडी पाहिजेच. कडकडीत पाण्याची आंघोळ हा दुसरा, गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि माणूस आंघोळीनंतर पाटावरून उठताना पडतो. तिसरा म्हणजे जेवण. भरपेट जेवलं की रक्त पोटाकडे वळतं, आणि म्हाताऱ्या माणसात जेवणानंतर तासा-दोन तासांत बीपी चांगलं घसरू शकतं, त्यामुळे सणाच्या दिवशी पुरणपोळी-कटाची आमटी हाणून आजोबा उठले आणि भोवळ आली यात दृष्ट लागण्यासारखं काही नसतं. थोडं थोडं खा, भात-गोड एकदम कमी करा, आणि जेवून लगेच बीपीची गोळी घेऊन बाहेर पडू नका, वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. उपवासाला पाणीसुद्धा न पिणाऱ्या आज्ज्यांना मी हात जोडते, उपवास करा पण पाणी प्या.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. हृदयाकडून दुखण्याचा निरोप मेंदूकडे घेऊन जाणाऱ्या नसाही यात बधिर होऊ शकतात. म्हणजे अ‍ॅटॅक येतो आणि छातीत दुखतच नाही. सिनेमात दाखवतात तसं छाती धरून कोसळणं सोडाच, माणूस म्हणतो आज दम लागतोय, घाम फुटतोय, मळमळतंय, उगीचच गळून गेल्यासारखं वाटतंय. घरचे ईनो देतात. कितीतरी जणांना नंतर कधीतरी दुसऱ्याच कारणाने ईसीजी काढल्यावर कळतं की अ‍ॅटॅक येऊन गेलाय. ज्यांचे पाय बधिर आहेत आणि शुगर आहे त्यांच्या बाबतीत "छातीत दुखत नाहीये ना, मग गॅसच असेल" हे वाक्य घरात कोणी उच्चारूच नये असं मला वाटतं. अचानक घाम आणि दम, एवढं पुरे, सरळ ईसीजी. शुगर कमी झाल्याची धडधड आणि थरथरसुद्धा अशा लोकांना नीट जाणवत नाही, ते वेगळंच.

भारतात 2023 मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, जो मोठा सर्व्हे छापून आला त्यात डायबेटिसवाल्यांचा अंदाज 10 कोटींच्या वर होता. यातले कितीतरी लोक आता सत्तरीकडे चाललेत. पण सगळं शुगरवर ढकलू नका, शुगर नसलेल्यांनाही हे होतं. अमेरिकेत पिट्सबर्ग आणि मेम्फिस या दोन शहरांत 1997-98 पासून 70 ते 79 वयाच्या 3075 धडधाकट माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला, त्यांत पायाच्या नसा जितक्या कमजोर तितकं चालणं मंद आणि पुढे चालण्या-फिरण्याच्या अडचणी जास्त, असं दिसलं. म्हणजे हे सगळे आजारी म्हणून निवडलेले लोक नव्हते. आपल्याकडे त्यात बी-ट्वेल्व्हची भर. शाकाहारी माणूस, वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू, शिवाय रोज सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी, या तिन्हींनी बी-ट्वेल्व्ह कमी होतं आणि आपल्या कितीतरी घरांत हे तिन्ही एकाच माणसात सापडतं. ही तपासणी करून घ्या, कारण नसांच्या दुखण्यात जी थोडी कारणं खरोखर भरून काढता येतात त्यातलं हे एक आहे, आणि उशीर केला तर तेही पूर्ण भरून येत नाही. थायरॉइड, किडनी, दारू, कॅन्सरची केमो ही बाकीची कारणं. आणि कातडीवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी, ती आपल्या भागातून अजून गेलेली गोष्ट नाही.

हृदयाच्या नसांची तपासणी मात्र फार लोकांना माहीतच नसते. स्कॉटलंडमधल्या एडिंबरात डेव्हिड युइंग आणि क्लार्क यांनी 1970 च्या दशकात काही साध्या टेस्ट बसवल्या, त्या आजही वापरतात. ईसीजी चालू ठेवून एक मिनिट सावकाश श्वास, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. निरोगी माणसात श्वास घेताना नाडी वाढते, सोडताना कमी होते, दोन्हींतला फरक 15 किंवा जास्त आला तर चांगलं, 10 किंवा कमी तर व्हेगस कमजोर. वयाप्रमाणे हा फरक कमी होत जातो म्हणून म्हाताऱ्यांचा आकडा वयाशी ताडून बघतात. मग उभं राहिल्यावर साधारण पंधराव्या ठोक्याला नाडी सगळ्यात फास्ट आणि तिसाव्याच्या आसपास परत हळू व्हायला हवी, ते बघतात. नळीत जोरात फुंकर धरून ठेवायची एक, मूठ दाबून धरायची एक, आणि ते उभं राहून बीपीचं. सुई नाही, दुखणं नाही, खर्चही फार नाही. आपल्या डायबेटिसच्या डॉक्टरांना फक्त विचारायचं, माझी ही तपासणी करता का.

नानांच्या बाबतीत पुढे काय केलं म्हणाल तर डॉक्टरांनी प्रोस्टेटची गोळी बदलली, बीपीच्या गोळ्यांच्या वेळा हलवल्या. पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उचलली, म्हणजे नुसत्या उशा नाही तर अख्खा पलंग तिरका, त्याने रात्रीचं चढणारं बीपी आणि लघवी दोन्ही थोडं आटोक्यात आलं. पहाटे उठायच्या आधी पडल्या पडल्या पंजे वर-खाली करायचे, मुठी आवळायच्या, मग कडेला पाय सोडून बसायचं, तिथेच ठेवलेलं पाणी दोन ग्लास जरा भराभर प्यायचं, थोडा वेळ थांबायचं आणि मग उठायचं. पाण्याचा हा उपाय दिसतो साधा पण अशा नसा गेलेल्या लोकांत पाणी प्यायल्याने खरंच बीपी काही वेळासाठी वर येतं. (हृदय कमजोर असल्यामुळे किंवा किडनीमुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी हे करायचं नाही.) उभं असताना डोळ्यापुढे अंधारी यायला लागली तर पायाची कैची करून मांड्या आवळायच्या. ओट्याला धरून टाचा वर-खाली, एका पायावर उभं राहणं, हे मी करून घेते. आणि सावकाश श्वास. 2001 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूं' मंत्र, दोन्ही म्हणायला लावून मोजलं, तर दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि बीपी सावरणारी यंत्रणा तेवढ्या वेळापुरती चांगलं काम करते असं दिसलं. त्याने मेलेली नस जिवंत होते असं कोणी म्हणत नाही, मीही नाही. पण काकू रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणते, तर नाना आता शेजारी बसून संथ श्वास घेतात.

पायांसाठी मी एमसीआर चप्पल घ्यायला लावली, मऊ मायक्रोसेल्युलर रबरची, मागे पट्टा असलेली, जी कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी आपल्या देशात फार आधीपासून वापरात आहे. रोज रात्री काकू आरसा धरून तळपाय बघते. शेकायची पिशवी बंद, आणि उन्हाळ्यात दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा बंद, त्यावरून घरात बरीच चर्चा झाली, शेवटी देवळात सकाळी लवकर जायचं ठरलं.

एक राहिलं. मोतीबिंदू, गुडघा, हर्निया, असं कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल आणि माणसाला वरचं यातलं काही असेल, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, पाय बधिर आहेत, उभं राहिल्यावर बीपी एवढं एवढं उतरतं, नाडी हलत नाही. भूल दिल्यावर अशा लोकांचं बीपी अचानक कोसळू शकतं आणि त्यांना ते आधी माहीत असलं तर तयारीने उभे राहतात. नानांच्या मोतीबिंदूची तारीख पुढच्या महिन्यातली आहे, तिन्ही आकडे लिहिलेला कागद काकूने फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय.